धडधाकट पैठणी कापून केलेली कला तुम्हाला पटते का?

आसावली (ही चर्चा सुरू करणारी):
एक चित्रकर्ती काही वर्षांपासून नऊवारीवर मिश्रमाध्यमातली मालिका करते आहे, ती अजून चालू आहे. जुन्या लुगड्यांचे तुकडे, हातकागद, ॲक्रिलिक रंग, घरातली जुनी पत्रं असं सगळं त्यात येतं. आधीची कामं मला मनापासून आवडली. एकात विरलेल्या इरकलीचा कासोटा चुण्यांसकट कागदावर टाक्यांनी धरून ठेवलाय आणि खालच्या काठावरचा चिखलाचा डाग धुतलेला नाही. शेतात वाकून लावणी करणारी बाई चित्रात काढलेली नाही, तरी दिसते.

नव्या कामात मात्र तिने अस्सल जरीच्या पैठणीचा पदर उभा कापला, पट्ट्या गोंदाने प्लायवूडवर चिकटवल्या आणि वरून काळा रंग दिला. पदर चांगला धड होता, हे तिनेच सांगितलंय. मला हे अजिबात पटलं नाही. तुमचं मत काय?

वाकळ:
आसावली, मी तुमच्या मताच्या पूर्ण विरोधात. लुगडी फाडणं आपल्याला नवीन आहे का? लुगड्याची दुपटी व्हायची, झोळी व्हायची, उरलेल्याची वाकळ. आणि जरीचं म्हणाल, तर कितीतरी जरीची लुगडी वजनावर मोडीत गेली. कापड जाळायचं आणि चांदी काढून घ्यायची, हा रीतसर धंदा होता. किती बोहारणीकडे गेली त्याचा तर हिशेबच नाही. निदान ही पैठणी भिंतीवर राहील, लोक तिच्यासमोर उभे राहतील.

मागावर:
आमच्या घरी येवल्यात माग आहे, म्हणून लिहितो. पैठणीच्या पदरावरचा मोर भरतकामाचा नसतो, तो विणलेला असतो. प्रत्येक रंगाची कांडी वेगळी. मानेचा निळा जिथे संपतो तिथे तो धागा शेजारच्या रंगात अडकवून मागे वळवायचा, पुढच्या ओळीत पुन्हा तेच. म्हणून पदर दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, मागे धागे लोंबत नाहीत. भरगच्च पदराला महिने लागतात.
जुने पदर ही आमची शाळा आहे. वेलीचं वळण किती धाग्यांत घेतलंय ते मोजूनच कळतं. नक्षी सगळी बाण्यात, म्हणजे आडव्या धाग्यांत असते. पदर उभा कापला की प्रत्येक पट्टीच्या कडेला बाणा तुटतो. मग मोजायचं काय?

टाका:
मी वस्त्रसंवर्धनाचं काम करते. मला कात्रीपेक्षा गोंदाची जास्त काळजी वाटते. रेशमात मुरलेला पांढरा गोंद कापडाला धक्का न लावता काढणं जवळपास अशक्य असतं. कापड कडक होऊन तडकायला लागतं. प्लायवूडमधून निघणाऱ्या आम्लधर्मी वाफाही रेशमाला वाईट. म्हणजे 'भिंतीवर राहील' हेही फार वर्षं खरं ठरणार नाही. इरकलीला टाके घातले होते, ते उसवता येतात.

ठिणगी:
सगळे कापडाबद्दल बोलताय. नेसणाऱ्या बाईचं काय? आपल्याच महाराष्ट्रात नवरा गेला की अनेक ब्राह्मण घरांत बाईचं केशवपन करून तिला लाल आलवण नेसवत. तेही लुगडंच होतं. लग्नात भरजरी आणि वैधव्यात आलवण, यात तिला कुणी विचारलं होतं? पैठणीवरच्या काळ्या रंगात मला हा राग दिसतो. तो राग जपून, हळुवार, पुढे उसवता येईल असा मांडायचा म्हणजे त्याची धारच घालवायची. कापणं हाच त्या चित्राचा विषय आहे. ते काढून टाकलं तर उरते फक्त सुंदर साडी.

आसावली:
ठिणगी, इथला सगळ्यांत वजनदार मुद्दा तुमचा आहे. पण राग आलवण नेसवणाऱ्यांवर असेल, तर घाव विणकराच्या कामावर का? चित्राशेजारच्या पाटीवर फक्त 'मिश्रमाध्यम, प्लायवूड' लिहिलंय, पैठणीचा उल्लेखसुद्धा नाही. ज्या हातांनी ती विणली ते आधीच निनावी होते, आता त्यांचं कामही निनावी झालं.
आणि वाकळ, वाकळीत जायचं ते विरलेलं कापड. धड लुगडं कुणी फाडत नसे.

वाकळ:
पैठणी तिच्या आजीची असेल तर? वारसाने आलेल्या वस्तूचं काय करायचं हे आपण कोण ठरवणार?

मागावर:
ठरवू तिचं तीच. माझं मागणं एवढंच आहे की कापायच्या आधी पदराचे दोन्ही बाजूंनी जवळून फोटो काढावेत, धागे मोजू द्यावेत आणि पाटीवर 'हातमागाची पैठणी' लिहावं. मालिका चालू आहे म्हणजे आणखी लुगडी कापली जाणार. कुणाची तिच्याशी ओळख असेल तर निरोप द्या, मोजायला मी स्वतः येईन.