मदत हवी आहे: शून्य हिट पॉइंटची भीतीच उरलेली नाही, जखमांचे नियम कसे बदलू?

मी डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून खेळायच्या कथाखेळाच्या पाचव्या आवृत्तीचा खेळ चालवते, नियम २०१४ चे. गटात फाइटर, बार्बेरियन, रेंजर (तिघे लढवय्ये) आणि क्लेरिक (मंत्रांनी बरं करणारा पुरोहित), सगळे पाचव्या लेव्हलला. खेळ रंगलाय, पण एका ठिकाणी अडलेय. जाणकारांनी मार्ग सुचवावा.

लढाईत फाइटरचे हिट पॉइंट (जीवशक्तीचे गुण) शून्यावर येतात आणि तो बेशुद्ध पडतो. क्लेरिक साठ फुटांवरून बोनस अ‍ॅक्शनमध्ये (टर्नमधल्या जादा छोट्या कृतीत) हीलिंग वर्ड हा बरं करणारा मंत्र टाकतो. फाइटरला मिळतात चार-सहा हिट पॉइंट, पण तो आपल्या टर्नला अर्धी चाल खर्चून उठतो आणि पूर्ण ताकदीने तलवार चालवतो. पुढच्या फेरीत पुन्हा पडतो, पुन्हा उठतो. टेबलावर कोणी दचकत नाही. मला हेच खटकतं. सोबती कोसळला तर बाकीच्यांच्या पोटात गोळा यायला हवा.

यात खेळाडूंना दोष देता येत नाही, कारण नियमच तसं शिकवतात. शून्याखालचं नुकसान मोजलंच जात नाही. ३ हिट पॉइंट उरलेल्याला २५ चा फटका बसला तरी तो शून्यावरच थांबतो, म्हणजे २२ चं नुकसान हवेत जातं. (उरलेलं नुकसान त्याच्या कमाल हिट पॉइंटइतकं असेल तर तो जागीच मरतो, पण या लेव्हलला ते क्वचितच घडतं.) मग पडण्याआधी बरं करण्यात तोटाच आहे. तिसऱ्या आवृत्तीत हिट पॉइंट उण्यात जायचे आणि उणे १० ला मृत्यू यायचा. उणे ८ वर पडलेल्याला ५ पॉइंट दिले तरी तो बेशुद्धच राहायचा, म्हणून क्लेरिक आधीच धावायचा.

मी काय काय पाहिलं ते सांगते, म्हणजे तेच सल्ले पुन्हा यायला नकोत.

डन्जन मास्टर्स गाइडमध्ये (खेळ चालवणाऱ्यासाठीच्या पुस्तकात) कायमच्या जखमांचा ऐच्छिक तक्ता आहे. वीस बाजूंच्या फाशावर १ आला तर डोळा जातो, २ ला हात, ३ ला पाय. १७ पासून पुढे किरकोळ व्रण. वाचायला थरारक आहे, पण सर्वांत जास्त कोण पडतं? जो दारात उभा राहून इतरांना वाचवतो तो. हात परत आणणारा रीजनरेट हा सातव्या पातळीचा मंत्र क्लेरिकला तेराव्या लेव्हलला मिळतो. तोवर आमच्या फाइटरने शौर्याची शिक्षा भोगत राहायची, हे मला पटत नाही.

दर वेळी पडल्यावर एक्झॉशनची (थकव्याची) एक पातळी, हा सल्ला सगळीकडे दिसतो. पण तिसऱ्या पातळीला हल्ल्यांवर आणि सेव्हिंग थ्रोवर (संकटातून निभावण्याच्या फाशांवर) डिसअ‍ॅडव्हांटेज येतो (दोन फासे टाकून कमी आकडा धरायचा), आणि लाँग रेस्टला (रात्रभराच्या विश्रांतीला) उतरते एकच पातळी. जो पडला तो आणखी पडणार, आणि तो खेळाडू पुढचे कित्येक तास नुसता चुकत बसणार.

ग्रिटी रिअ‍ॅलिझम या ऐच्छिक नियमात शॉर्ट रेस्ट (छोटी विश्रांती) ८ तासांचा, लाँग रेस्ट ७ दिवसांचा. त्याने प्रवासाला वजन येईल, पण लढाईतली उठबस तशीच राहील.

शत्रूंनी पडलेल्यावर वार करावा, हेही करून पाहिलंय. पाच फुटांच्या आतून बसलेला वार आपोआप क्रिटिकल (दुप्पट फाशांचा) ठरतो आणि डेथ सेव्हची दोन अपयशं एकदम लागतात. (डेथ सेव्ह म्हणजे शून्यावर पडलेल्याने दर टर्नला टाकायचा फासा: तीन यशांनी प्रकृती स्थिर, तीन अपयशांनी मृत्यू.) भुकेल्या घूलच्या (प्रेतं खाणाऱ्या राक्षसाच्या) बाबतीत ते शोभतं. पण समोर दोन सशस्त्र शत्रू उभे असताना भाडोत्री सैनिक बेशुद्ध माणसावर वेळ का घालवेल?

पाथफाइंडर या अशाच दुसऱ्या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीतली ‘वूंडेड’ (जखमी) अवस्था मात्र आवडली. मरणाच्या दारातून परत आलात की ती चिकटते, आणि पुढच्या वेळी पडताना तुम्ही मृत्यूच्या तेवढ्याच जवळून सुरुवात करता. उभं असताना तिचा काही त्रास नाही. अशी गोष्ट पाचव्या आवृत्तीत कमीत कमी हिशेबात कशी बसवावी?

प्रतिसाद:

नवी अवस्था कशाला? डेथ सेव्हची अपयशं पुसू नका, एवढंच पुरे आहे. मूळ नियमात एक जरी हिट पॉइंट मिळाला किंवा प्रकृती स्थिर झाली की यश आणि अपयश दोन्ही शून्य होतात. तुम्ही यश पुसा, अपयशं लाँग रेस्टपर्यंत ठेवा.

१ आणि २० चे खास परिणाम (१ ला दोन अपयशं, २० ला एक हिट पॉइंट मिळून शुद्ध) धरून हिशेब केला. कोणीच मदत केली नाही आणि कोणी वारही केला नाही, तर कोऱ्या पाटीवर जगण्याची शक्यता सुमारे ६० टक्के. एक अपयश आधीच असेल तर ४२. दोन असतील तर २१. आणि दोन अपयशांवर पडलेला माणूस शेजारी फुटलेल्या फायरबॉलनेही (आगीच्या मंत्राने) जातो, कारण पडलेल्याला कसलंही नुकसान झालं की एक अपयश लागतं. उभ्या फाइटरचा एकही आकडा बदलत नाही, पण क्लेरिक त्याला पडू देण्याआधीच बरं करायला लागेल.

दुसरा प्रतिसाद:

वरच्याशी सहमत. फक्त हिरे मोजून द्या. तुमच्या क्लेरिककडे आता रिव्हिव्हिफाय आहे. मृत्यूनंतर मिनिटाच्या आत, ३०० सुवर्णमुद्रांचे हिरे खर्चून माणूस परत येतो. हिरे मुबलक असतील तर अपयशं जपूनही मरण स्वस्तच राहील. आणि नियम लागू करण्याआधी खेळाडूंना सांगा. मधल्या लढाईत नको.

धागाकर्ती:

दोघांचे मनापासून आभार. टक्केवारी पाहून लगेच पटलं; हा आकडा खेळाडूंसमोरच ठेवणार आहे.

एक शंका उरते. शॉर्ट रेस्टमध्ये कोणी हीलर्स किटचा (मलमपट्टीच्या पिशवीचा) एक वापर खर्च करून मेडिसिनचा चेक (वैद्यकीच्या कौशल्याचा फासा) जमवला, तर एक अपयश पुसू द्यावं का? आमच्या रेंजरला जखमा बांधण्याची फार हौस आहे, आणि आजवर मंत्रापुढे तिच्या किटला कोणी विचारलंच नाही. पण एका रेस्टमध्ये एका माणसाचं एकच अपयश, अशी मर्यादा घालावी असं वाटतं. चेक कितीचा ठेवू, १२ की १५? कोणी चालवून पाहिलं असेल तर जरूर लिहा.