घरच्या नॅसला ग्राफिक्स कार्ड हवंच का?

खटपट्या: जुना दोन डिस्कचा नॅस (घरच्या नेटवर्कवर फाइल साठवायचं खोकं) भरत आलाय, आता चार डिस्कचा घेतोय. त्यावर जेलीफिन (घरचे व्हिडिओ टीव्हीवर दाखवणारं सॉफ्टवेअर) चालतं, फोटोंसाठी इमिच (फोटो साठवून चेहरे ओळखणारं सॉफ्टवेअर) बसवायचंय. माझं मत, या कामांसाठी पुढेमागे ग्राफिक्स कार्ड बसेल असा स्लॉट असलेलाच नॅस घ्यावा. खोकं काही दरवर्षी बदलत नाही.

निवांत: असहमत. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये 2011 पासून क्विक सिंक (व्हिडिओ रूपांतराची आतली सोय) आहे. त्यांचा साधा एन100 प्रोसेसरसुद्धा 4के व्हिडिओ आरामात ट्रान्सकोड करतो, म्हणजे टीव्हीला चालेल अशा रूपात बदलतो. टीव्हीला एचईव्हीसी (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत) चालत असेल तर तेवढंही लागत नाही, फाइल जशीच्या तशी जाते. उलट कार्ड नुसतं बसून वीज खातं. जास्तीचे 20 वॅट धरले तरी दिवसरात्र मिळून वर्षाला 175 युनिट!

खटपट्या: आणि सबटायटल? ब्लू-रेची सबटायटलं म्हणजे चित्रं असतात. टीव्हीला ती दाखवता आली नाहीत की सर्व्हरला व्हिडिओवर छापून द्यावी लागतात, म्हणजे अख्खं ट्रान्सकोडिंग आलं. त्यात एचडीआर (जास्त उजेड-रंगांचा व्हिडिओ) असला की बघायलाच नको.

निवांत: तेही क्विक सिंकवर होतं. एका वेळी बघणारे किती? खरं सांगा.

खटपट्या: दोन. पाहुणे आले की तीन.

निवांत: 😀

हात_पोळलेला: 'पीसीआयई स्लॉट आहे' (म्हणजे कार्ड बसवायची खाच) एवढं वाचून भुलू नका, मी भुललो होतो. स्लॉट आखूड, एक्स4, तोही मागून बंद, त्यामुळे लांब एक्स16 कार्ड आत जाईचना. बसलं असतं तरी उंचीत अडलं असतं, कारण खोक्यात अर्ध्या उंचीचीच कार्डं मावतात. पॉवर सप्लायमध्ये कार्डासाठी वेगळी वायरही नव्हती. असे स्लॉट बहुधा 10 गिगाबिट नेटवर्क कार्डासाठी दिलेले असतात. कार्ड परत केलं, टपालखर्च माझ्या बोकांडी.

अर्धवट_तज्ज्ञ: सगळे व्हिडिओवरच अडलेत. भाषा मॉडेल (चॅटजीपीटीसारखं) घरी चालवायचं तर? 7 अब्ज पॅरामीटरचं मॉडेल 4 बिटमध्ये दाबून घेतलं तरी चार-पाच जीबी व्हीरॅम (ग्राफिक्स कार्डाची मेमरी) लागते. तिथे क्विक सिंकचा काय उपयोग? आणि सगळ्याच नॅसमध्ये ते नसतं. सिनॉलॉजी डीएस923+ मधल्या रायझन आर1600 प्रोसेसरला ग्राफिक्सच नाही. निवांतरावांनी हे सांगायला हवं होतं.

निवांत: मान्य, ते राहिलं. प्रोसेसर बघूनच घ्या. पण मॉडेल चालवायला कार्ड डिस्कच्या उरावर कशाला? डिस्कना गारवा हवा, कार्ड ओकणार उष्णता. शिवाय ड्रायव्हर बदलून रीस्टार्ट केलं की घरभर फाइल बंद. कार्ड जुन्या पीसीत लावा, फाइल नॅसवर राहू द्या. इमिचचा चेहरे ओळखणारा भागसुद्धा दुसऱ्या मशीनवर चालवता येतो. पहिल्यांदा सगळा साठा चाळताना काय ते काम, नंतर रोजच्या नव्या फोटोंपुरतं. तेवढ्यासाठी पीसी चालू करायचा नि बंद करायचा.

खटपट्या: हे दुसऱ्या मशीनचं माहीत नव्हतं. जुना पीसी पडूनच आहे. पण नॅस स्लॉटवालाच घेणार.

निवांत: आता कशाला?

खटपट्या: 10 गिगाबिटचं कार्ड टाकायला.