प्रोस्टेटच्या (मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या) ऑपरेशननंतर वीर्य येत नाही, या चर्चेला उत्तर

‘वीर्य येईना म्हणजे पुरुषत्व गेलं’ असं या चर्चेत कुणी लिहिलंय, ते चूक आहे. दुर्बिणीतून प्रोस्टेट खरवडताना मूत्राशयाचं तोंड सैल पडतं. वीर्य उलटं आत जातं आणि पुढच्या लघवीतून गढूळ पडतं. ताठरतेच्या नसा वेगळ्या, ती बहुतेकांची टिकते. मूल हवं असेल तर त्याच लघवीतून शुक्राणू वेगळे करता येतात. मात्र लघवीतल्या आम्लात ते मरतात, म्हणून डॉक्टर आधी खाण्याचा सोडा देतात. कॅन्सरसाठी अख्खी ग्रंथी काढली असेल तर वृषणातूनच सुईने घ्यावे लागतात, तेव्हा ऑपरेशनपूर्वीच गोठवून ठेवणं उत्तम.

आणि नाशिकमधल्या वंध्यत्व उपचार केंद्रांत चौकशी करणाऱ्यांनी वय आधी पाहावं: २०२१ च्या कायद्याने टेस्ट ट्यूबसारखे उपचार ५५ वर्षांखालच्या पुरुषांनाच मिळतात, पत्नीसाठी मर्यादा ५० ची.