सायटिका: तुमचं कारण काय निघालं?

चिंचगुळ
आज जिन्यात शेजारच्या काकांना शिंक येणार होती, तर त्यांनी आधी कठडा घट्ट धरला. बघूनच माझ्या डाव्या पायातून जुनी कळ गेली. ज्याला झालंय त्यालाच कळतं ते धरणं.

माझं निमित्त भरलेला सिलिंडर. वाकून, कंबरेतून वळून उचलला. तेव्हा काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी बेसिनपाशी वाकले आणि कुल्ल्यापासून टाचेपर्यंत वीज! कंबर मात्र फारशी दुखत नव्हती, म्हणून आई पोटरीला तेल चोळत बसली. डॉक्टरांनी उताणं झोपवून पाय सरळ वर उचलला, अर्ध्यातच ओरडले. एमआरआयमध्ये एल ५-एस १ची, म्हणजे कंबरेच्या अगदी खालच्या मणक्यांमधली, चकती सरकून नसेच्या मुळावर दाबत होती. खोकलं, शिंकलं, खुर्चीत बसलं की जास्त. ऑपरेशन लागलं नाही. गोळ्या, फिजिओ आणि चालणं यावर दोनतीन महिन्यांत उतरलं.

पण ज्याला त्याला "गॅप आलाय" एवढंच सांगतात. तुमच्याकडे नक्की काय निघालं?

लालडबा
पाकीट.

खरंच. उजव्या मागच्या खिशात, बिलं-कार्डं कोंबून फुगलेलं, त्यावर बसून रोज ऑफिस ते घर गाडी चालवायची. मणक्याचा एमआरआय चक्क चांगला आला. फिजिओने कुल्ल्यात एक जागा दाबली आणि मला पूर्वज दिसले. पिरिफॉर्मिस म्हणून स्नायू असतो, त्याच्या खालून ही सायटिकाची नस जाते. तो आखडला की नस आवळते. आता पाकीट पुढच्या खिशात. तसंही यूपीआय आल्यापासून त्यात काही नसतंच.

गावठी_मिरची
इथे कोणी पायाळू आहे का? कंबर देते, लाथ हवी आहे.

उलटा_जन्म
हजर! आजोळी दर सुट्टीत ही ड्यूटी असायची. अख्खी आळी अंगणात पालथी. फी एक चिक्की. पण ताई, ती उसणीसाठी हो. पायात मुंग्या उतरत असतील तर माझी लाथ मागू नका, नंतर केस माझ्यावर.

गावठी_मिरची
चिक्की दोन देते.

मंडईकर
आईचं चिंचगुळच्या बरोब्बर उलट. बसली की आराम, चालली की दोन्ही पाय भरून येतात. मंडईतून येताना दर पाचपन्नास पावलांवर कट्टा शोधायची. आम्ही सगळे मागे लागलो होतो, "ताठ चाल, पोक काढू नकोस." आणि मॉलमध्ये ट्रॉली ढकलताना बाई तुरुतुरु! डॉक्टर म्हणाले, ट्रॉलीवर पुढे वाकल्यामुळेच. वयानुसार मज्जारज्जूचा कालवा अरुंद झालाय, वाकलं की थोडी जागा होते. ७० नंतर हे बऱ्याच जणांना होतं म्हणे.

दुपारची_झोप
सातवा महिना चालू आहे, त्यामुळे कारण विचारू नका. कुशीवर, गुडघ्यांत उशी घेऊन झोपलं तर बरं वाटतं. सासूबाई आत्तापासूनच डिंकाच्या लाडवांची तयारी करतायत. कुणाकडे कमी गोड प्रमाण आहे का?

पार्कातला_फास्टर
माझा मणकाच पुढे सरकलेला. लहानपणी फास्ट बॉलिंग, दिवसभर पाठ मागे वाकवून. तेव्हा मणक्याला बारीक फ्रॅक्चर झालं असणार. चाळिशीत कळलं. विकेटा किती काढल्या ते विचारू नका.

भूलवाली
मी हाडांची डॉक्टर नाही, पण ऑपरेशन थिएटरमध्ये रोज पाठी बघते, म्हणून तीन गोष्टी.

लघवी अडकली किंवा कळेनाशी झाली, बसायच्या जागेला बधिरपणा आला, पाऊल उचलेना, चप्पल पायातून निसटू लागली, तर धागा बंद करून थेट हॉस्पिटल. तिथे तासांना किंमत असते.

एमआरआयच्या रिपोर्टात "बल्ज" (चकतीला आलेला फुगवटा) वाचून घाबरू नका. काहीच न दुखणाऱ्या धडधाकट माणसांतही तो दिसतो. लक्षणं आणि चित्र जुळायला हवं.

मधुमेहींनो, दोन्ही तळव्यांची आग आग म्हणजे बहुतेक वेगळं दुखणं. सायटिका सहसा एका पायात, वरून खाली उतरते.

चिंचगुळ
@भूलवाली थँक्यू गं. आम्हाला तेव्हा लोकांनी नुसतं पडून राहायला सांगितलं होतं!

भूलवाली
एकदोन दिवस ठीक, पुढे जमेल तेवढं हलायचं.

तिसरा_मजला
बाबांच्या मांडीत मागून जळजळ होती. घरच्या घरी सायटिका ठरली, शेकही सुरू झाला. मग त्याच पट्ट्यात पुरळ उठलं. नागीण निघाली. पुरळ यायच्या आधीच दुखायला लागतं हे कुणाला माहीत होतं! कुकर झालाय, बाकीचं नंतर लिहिते.

लालडबा
गादीचं सांगा रे कोणी. कापसाची, कॉयरची, का सरळ फळीवर झोपू?

उलटा_जन्म
फळी नको, मामा झोपायचे, पाठीबरोबर मानही गेली. मध्ये खड्डा न पडणारी कुठलीही.

गावठी_मिरची
डोंबिवलीत कापूस पिंजून देणारा कोणी येतो का अजून? आमच्या गादीत खड्डाच राहिलाय, गादी नाही.

मंडईकर
आईला धागा वाचून दाखवला. म्हणते, व्यायाम राहू दे, ती ट्रॉली घरी आण.

दुपारची_झोप
लाडवाचं प्रमाण??