ऑप्थॅल्मोस्कोपचा उजेड फडफडतो

प्रश्न: ३.५ व्होल्टचा डायरेक्ट ऑप्थॅल्मोस्कोप (डोळ्याच्या आत बघायचं हातातलं यंत्र) आहे. सेल नवा टाकला, तरी यंत्राचं डोकं जरा हललं की उजेड फडफडतो. बल्ब बदलू का?

उत्तर १: इतक्यात नको. हलवल्यावरच फडफडतो म्हणजे बहुधा जोड मळलाय. डोकं हँडलपासून सोडवा, मधली स्प्रिंगवाली पिन बघा. दाबून सोडली की टचकन वर यायला हवी. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा. पॉलिश पेपर अजिबात नको, मुलामा निघतो. असं यंत्र खरवडून आणलेलं पाहिलं की जीव तुटतो माझा.

प्रश्नकर्ता: फडफड थांबली, आभार! पण उजेडाचं वर्तुळ एका बाजूने कापलेलं दिसतं, बल्बची काचही काळपट आहे.

उत्तर १: मग आता बदलाच. व्होल्टेज तेच घ्या, २.५ चा बल्ब ३.५ वर पटकन उडतो. थंड झाल्यावर काढा, नव्याच्या काचेला बोट लावू नका. बल्बची बारीक खूण खाचेत नीट बसवा, नाहीतर फिलामेंट (आतली तार) तिरकं राहतं नि वर्तुळ कापलेलंच दिसतं.

उत्तर २: कधी रेटिनोस्कोप (चष्म्याचा नंबर काढायचं असंच यंत्र) उघडलात तर त्याच्या आरशाला कापड लावू नका. हातपंपाने हवा मारून धूळ उडवा, बस्स.