जर्मनीत पीएचडी, नमुने आंबोली-कोयनेतले: परवानग्या कुठल्या आणि कोणत्या क्रमाने?

भेकशोध
नमस्कार मंडळी. पासपोर्ट भारतीय आहे, पण दोन वर्षांपासून नोंदणी जर्मनीतल्या एका विद्यापीठात आहे. काम झँथोफ्राइन वंशातल्या दोन भेकांवर (खरबरीत त्वचेचे बेडूक, इंग्रजीत टोड): आंबोलीचा झँ. टायगरिना आणि कोयना भागातला झँ. कोयनेन्सिस. गाईड जर्मन असून पुढच्या जून-जुलैमध्ये सहा आठवड्यांसाठी येणार आहेत. प्राणी मारायचे नाहीत. पकडून मोजमाप, त्वचेचे स्वॅब, पायाच्या बोटाच्या टोकाचा उतीनमुना आणि जागेवरच सोडून देणे, एवढंच. डीएनए काढणं आणि सिक्वेन्सिंग (डीएनएचा क्रम वाचणं) जर्मनीत करायचं असं प्रस्तावात लिहिलं आहे.

विभागात सगळे म्हणतात की तू भारतीय आहेस, वनखात्याचं पत्र घेतलंस की झालं. हे खरं आहे का? नसेल तर कशापासून सुरुवात करायची? आणि गाईड ई-टुरिस्ट व्हिसावर आले तर चालेल का?

नियमबुवा
खरं नाही. जैविक विविधता कायदा २००२ चं कलम ३(२) उघडून बघा. परवानगी लागणाऱ्यांत तीन गट आहेत: भारताचे नागरिक नसलेले, नागरिक असूनही आयकर कायद्याच्या व्याख्येप्रमाणे अनिवासी असलेले, आणि परदेशी किंवा परदेशी नियंत्रणाखालच्या संस्था. तुम्ही दुसऱ्या गटात, गाईड पहिल्या गटात आणि विद्यापीठ तिसऱ्यात. म्हणजे पासपोर्टचा रंग इथे कामाचा नाही.

आता कोणीतरी सुचवेल की आर्थिक वर्षात १८२ दिवस भारतात काढा म्हणजे निवासी व्हाल. ते गणित वर्ष संपल्यावर पक्कं होतं, आणि परवानगी हवी नमुना घेण्याआधी. शिवाय नमुने शेवटी जाणार विद्यापीठाकडे, आणि ते काही निवासी होत नाही. तेव्हा या वाटेला जाऊच नका.

अर्ज राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे, म्हणजे चेन्नईच्या एनबीएकडे, ऑनलाइन करायचा. इंटरनेटवर अजून २००४ च्या नियमांतला जुना फॉर्म १ फिरतो. २०२४ चे नवे नियम २२ डिसेंबर २०२४ पासून लागू आहेत, त्यामुळे फॉर्म आणि शुल्क पोर्टलवर जे दिसेल तेच धरा. विचारतात ते साधारण तेच: शास्त्रीय नाव, गाव-तालुक्यासह ठिकाण, प्रमाण, कालावधी, उद्देश, या गोळा करण्याने त्या जातीला धोका आहे का, कोणती भारतीय संस्था सहभागी आहे, आणि नमुने शेवटी कुठल्या प्रयोगशाळेत जाणार.

अर्ज अडकतात ते प्रमाणाच्या रकान्यात. ‘आवश्यकतेनुसार’ किंवा ‘अल्प प्रमाणात’ लिहिलं की त्रुटी निघालीच. असं लिहा: ‘प्रत्येक ठिकाणी जास्तीत जास्त २० प्राणी, प्रत्येकी १ स्वॅब आणि २ मिमीपर्यंत उती, १.५ मिलीच्या नळीत, ९५ टक्के इथेनॉलमध्ये’. आकडा थोडा वरचाच मागा, कारण मंजुरीपेक्षा एक नळी जरी जास्त निघाली तरी ती बेकायदा. पण चौपट मागू नका. टायगरिनासारख्या अगदी मर्यादित क्षेत्रातल्या जातीसाठी ते कोणालाही खटकेल, आणि खटकायलाच हवं.

वेळेचं म्हणाल तर जुन्या नियमांत शक्यतो सहा महिन्यांत निकाल असं होतं. कलम ४१ प्रमाणे स्थानिक जैवविविधता व्यवस्थापन समितीचा सल्ला घ्यावा लागतो. ग्रामपंचायतीकडे गेलेलं पत्र ग्रामसेवकाच्या कपाटात पडून राहिलं की महिने सरतात. जूनसाठी अर्ज करायचा तर आदल्या पावसाळ्याच्या अखेरीलाच करायला हवा. मंजुरीनंतर करार होतो. त्यावर सही झाली की मगच काम सुरू.

रानवाट
बुवांनी चेन्नईचं सांगितलं, मी नागपूरचं, म्हणजे वनखात्याचं सांगतो. ही दोन कामं एकमेकांच्या बदल्यात नाहीत, दोन्ही लागतात.

तुमच्या दोन जागा वनखात्याच्या लेखी अगदी वेगळ्या आहेत. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. तिथे आत पाऊल टाकायलाच वन्यजीव अधिनियम १९७२ चं कलम २८ (राष्ट्रीय उद्यानात ते कलम ३५(८) मुळे लागू होतं) आणि मुख्य वन्यजीव रक्षकांचा परवाना. ते कार्यालय नागपूरला. आंबोली अभयारण्य नाही. तिथे राखीव वन आहे, आंबोली-दोडामार्ग संवर्धन राखीव आहे, मालकीच्या जमिनी आहेत, आणि हिरण्यकेशीचं कुंड व परिसर २०२१ पासून जैवविविधता वारसा स्थळ आहे. इथे सावंतवाडीच्या उपवनसंरक्षकांकडे जायचं. कुठला ओढा कोणत्या गटात पडतो ते वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडून कंपार्टमेंट (वनखंड) नंबरसह लिहून घ्या. गुगलच्या नकाशावर हद्द दिसत नाही.

‘सडा (कातळपठार) मालकीचा आहे, मालक ओळखीचा आहे’ हे कारण मात्र सांगू नका. जमीन कोणाचीही असो, जैविक विविधता कायदा लागू होतोच. मालकाची लेखी संमती ही त्याच्यावर आणखी एक.

पकडून सोडण्याबद्दल. कायद्यातल्या ‘शिकार’ या व्याख्येत पकडणं येतं, पकडण्याचा प्रयत्न येतो आणि शरीराचा भाग घेणंही येतं. त्यामुळे जात अनुसूचीत असेल तर कलम १२ चा परवाना हवा: अनुसूची १ ला केंद्राची पूर्वसंमती, बाकीला राज्याची. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूची पूर्ण बदलल्या, १ एप्रिल २०२३ पासून नव्या लागू आहेत. जुन्या पीडीएफवरून ‘बेडूक अनुसूची ४ मध्ये’ असं लिहिलेले अर्ज अजून येतात. आता अनुसूची ४ म्हणजे साइट्सची, वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराची यादी. नव्या यादीत शास्त्रीय नावाने शोधा आणि ते पान अर्जाला जोडा. नाव सापडलं नाही तर कलम १२ लागत नाही, पण राखीव वनात जाण्याची आणि तिथून काही नेण्याची परवानगी तरीही लागतेच.

नागपूरच्या अर्जाला प्रस्ताव, ठिकाणांची यादी, टीममधल्या प्रत्येकाचं ओळखपत्र (स्थानिक वाटाड्यासुद्धा), संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीचं पत्र, एनबीएच्या अर्जाची पोच आणि गाईडच्या व्हिसाची प्रत. रात्री काम करणार असाल तर ‘सायं. ६ ते मध्यरात्री’ असं स्पष्ट मागा. परवान्यात वेळ नसेल तर गेटवरचा वनरक्षक संध्याकाळी बाहेर काढेल, आणि त्याचं बरोबरच आहे. भेक तर अंधार पडल्यावरच आवाज देणार.

भेकशोध
दोघांचे आभार. एक उपप्रश्न. पुण्यातल्या एका संस्थेबरोबर आमच्या विद्यापीठाचा सामंजस्य करार आहे. कलम ५ खाली सहयोगी संशोधनाला सूट आहे असं वाचलं. मग एनबीए टाळता येईल का? आणि सिक्वेन्सिंग इथेच करून फक्त डेटा नेला तर?

नियमबुवा
कलम ५ ची सूट खरी आहे, पण नुसत्या सामंजस्य कराराने ती मिळत नाही. ८ नोव्हेंबर २००६ च्या मार्गदर्शक तत्त्वांत प्रकल्प बसायला हवा आणि त्याला सरकारी मंत्रालयाची किंवा विभागाची मंजुरी हवी. प्रकल्पाच्या कागदात मुख्य संशोधकांची नावं, देवाणघेवाण होणाऱ्या नमुन्यांचा प्रकार आणि प्रमाण, तिसऱ्याला न देण्याची अट, बौद्धिक संपदेची तरतूद, हे सगळं असावं लागतं. दोन विभागप्रमुखांनी सही केलेलं ‘आम्ही सहकार्य करू’ छापाचं पान म्हणजे असा प्रकल्प नव्हे. दोन सरकारांच्या विज्ञान विभागांनी मिळून निधी दिलेला प्रकल्प असेल तर जरूर कलम ५ ने जा. पीएचडीच्या एकट्या कामाला माझ्या मते कलम ३ चाच रस्ता सरळ.

डेटाचं म्हणाल तर सिक्वेन्सिंग इथे केल्याने निर्यातीचा ताप वाचतो, कलम ३ वाचत नाही. भारतातल्या जैविक संसाधनावर संशोधन करायलाच परवानगी आहे, ते कुठे करता हा पुढचा भाग. शिवाय कलम ४ संशोधनाचे निष्कर्ष परदेशी व्यक्तीला देण्याबद्दल आहे. त्यातून शोधनिबंध आणि परिसंवाद वगळले आहेत, पण हार्ड डिस्क उचलून देणं म्हणजे निबंध नव्हे. २०२५ च्या लाभवाटप विनियमांत तर डिजिटल सिक्वेन्स माहितीही आली आहे. जीनबँकेत (डीएनए क्रमांच्या खुल्या संग्रहात) डेटा टाकणार असाल तर तेही अर्जात लिहून टाका.

दोन_खंड
नियमबुवांशी इथे थोडा मतभेद. पुण्याची संस्था केंद्र सरकारच्या अखत्यारीतली असेल तर आधी त्यांच्या आंतरराष्ट्रीय सहकार्य कक्षाला विचाराच. बऱ्याच संस्थांत कलम ५ च्या मंजुरीची ठरलेली पद्धत असते आणि ती वेगाने होते. संस्था म्हणजे एनजीओ असेल तर मात्र हा मार्ग सोडा. त्यांना जर्मनीतून पैसे द्यायचे तर एफसीआरए (परदेशी निधीच्या कायद्याखालची) नोंदणी लागेल, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ते पैसे पुढे दुसऱ्या संस्थेला देता येत नाहीत.

कलम ३ चा एक फायदा मात्र कोणी सांगितला नाही. भारत नागोया प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे जैविक संसाधनं मिळवण्याच्या आणि लाभवाटपाच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे. एनबीएच्या मंजुरीवरून आंतरराष्ट्रीय मान्यतेचं अनुपालन प्रमाणपत्र निघतं. युरोपीय संघाच्या ५११/२०१४ नियमाखाली तुमच्या विद्यापीठाला नमुने कायदेशीर मिळाल्याचं दाखवावं लागेल, तेव्हा तो एक क्रमांक पुरतो.

व्हिसा: ई-टुरिस्ट अजिबात नाही. संशोधन व्हिसाच हवा. यजमान संस्थेचं निमंत्रण, प्रस्ताव, ठिकाणं, निधीचा पुरावा घेऊन बर्लिनच्या दूतावासात किंवा भागानुसार वाणिज्य दूतावासात अर्ज. २००८ साली दार्जिलिंगजवळ सिंगालिला राष्ट्रीय उद्यानात परवान्याशिवाय कीटक गोळा करताना दोन चेक नागरिक पकडले गेले. खटला चालून एकाला दंड आणि दुसऱ्याला तीन वर्षांची शिक्षा झाली. त्यातला एक पेशाने कीटकशास्त्रज्ञ होता, त्याचा काही उपयोग झाला नाही. जैविक विविधता कायद्यातली तुरुंगाची तरतूद २०२३ च्या दुरुस्तीने जाऊन तिथे १ लाख ते ५० लाखांपर्यंतचा दंड आला, पण वन्यजीव कायद्यातला तुरुंग जागेवर आहे.

व्हिसा १८० दिवसांहून जास्त मुदतीचा असेल तर आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी. मुंबईबाहेर जिल्हा पोलीस अधीक्षक हेच नोंदणी अधिकारी असतात, अर्ज ऑनलाइन. सहा आठवड्यांसाठी ही वेळ बहुधा येणार नाही. पण होम-स्टेवाल्याने २४ तासांत परदेशी पाहुण्याची माहिती पोलिसांना कळवायची असते, सगळे त्याला फॉर्म सी म्हणतात. आंबोलीतल्या लहान घरगुती निवासांकडे त्याचं लॉगिन असतंच असं नाही. खोली ठरवतानाच विचारा.

ओसीआय कार्डधारक (भारतीय वंशाचे परदेशी नागरिक) टीममध्ये असतील तर २०२१ च्या अधिसूचनेनुसार त्यांनाही संशोधनासाठी वेगळी परवानगी लागते. आजीवन व्हिसा आहे म्हणून निर्धास्त राहू नये.

आणि सामान. सॅटेलाइट फोन आणि गार्मिन इनरीचसारखी उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रं दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय आणणं गुन्हा आहे. गोव्याच्या विमानतळांवर अशा यंत्रांपायी प्रवासी अडकले आहेत, आणि आंबोलीला येणारा मोपाच्या विमानतळावर उतरणं साहजिक आहे. युरोपात डोंगरात जाणाऱ्यांच्या बॅगेत हे यंत्र कायमचं असतं, त्यामुळे गाईडना स्पष्ट लिहून कळवा. साधा जीपीएस चालतो. ड्रोन घरीच ठेवा.

रानवाट
दोन_खंड यांच्याशी सहमत. परवान्याच्या मूळ प्रतीच्या चार रंगीत प्रती काढा: एक गाडीत, एक खिशात, एक स्थानिक वनपालाकडे आणि एक आंबोलीच्या पोलीस चौकीत. रात्री बॅटऱ्या घेऊन फिरणारे लोक दिसले की गावातून आधी फोन पोलिसांना जातो.

स्पिरिटवाला
नमुने पाठवण्याचं कोणी लिहिलेलं दिसत नाही. वन्य प्राण्यांच्या अवयवांची निर्यात परकीय व्यापार धोरणात मुळात बंद आहे, शास्त्रीय कामाची सूट मागून घ्यावी लागते. म्हणून एनबीएचा करार, वनखात्याचं नमुने नेण्याचं पत्र आणि वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरोची तपासणी, हे तिन्ही कुरिअर बुक करण्याआधी. चेक-इन बॅगेत नळ्या टाकून निघण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

इथेनॉल: ९५ टक्के किंवा ॲब्सोल्यूट अल्कोहोल महाराष्ट्रात दुकानात मिळत नाही, राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो. यजमान संस्थेकडे असेल तर त्यांच्याच कोट्यातून घ्या आणि वाहतुकीचं पत्र सोबत ठेवा. सर्जिकल स्पिरिटवर भागवू नका. त्यात पाणी जास्त आणि पिता येऊ नये म्हणून मिसळलेली द्रव्यं असतात, डीएनए खराब होतो.

विमानाने पाठवताना आयएटीएची (विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची) विशेष तरतूद ए१८० वापरा. आतल्या एका पात्रात मोकळा द्रव ३० मिलीपेक्षा जास्त नको. नळ्या उष्णतेने सील केलेल्या पिशवीत, ती पिशवी शोषक कागदासह दुसऱ्या सील पिशवीत, मग भक्कम खोका. पूर्ण खोक्यात मिळून १ लिटरपर्यंत. खोक्यावर शास्त्रीय संशोधनाचे नमुने असल्याचा आणि ए१८० लागू असल्याचा मजकूर हवा, नाहीतर एअरलाइन तो ज्वालाग्राही माल म्हणून परत करते. उती एकदा भिजून पक्की झाली की निघण्याआधी बहुतेक द्रव ओतून टाकला तरी चालतं.

शेवटच्या दिवशी गोंधळ होतो तो लेबलांवरून. इथेनॉल सांडलं की मार्करची शाई जाते, म्हणून नळीच्या आत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी आणि बाहेर तोच क्रमांक. हा क्रमांक वनखात्याच्या पत्राला जोडलेल्या यादीत जसाच्या तसा हवा. यादीत एएम-०७ आणि नळीवर एएम-७ असं असेल तर तपासणीत खोका तिथेच थांबतो. वगळलेल्या नमुन्यांचे क्रमांकही यादीत ‘रद्द’ म्हणून ठेवा.

नियमबुवा
स्पिरिटवाल्यांना पुरवणी: सिक्वेन्सिंगमध्ये वेगळी जात निघाली तर जैविक विविधता कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे व्हाउचर नमुना (पुरावा म्हणून जपायचा अख्खा प्राणी) मान्यताप्राप्त संग्रहात द्यावा लागतो. प्राण्यांसाठी भारतीय प्राणी सर्वेक्षण. त्यांचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे. तुम्ही एकही प्राणी ठेवणार नाही म्हणता, तेव्हा व्हाउचर कुठून आणणार? प्रत्येक ठिकाणाहून एक-दोन अख्ख्या नमुन्यांची सोय अर्जात आत्ताच करून ठेवा. नंतर वाढवून मागायची तर नवा अर्ज, आणि एक पावसाळा गेला.

भेकशोध
व्हाउचरचं खरंच डोक्यात नव्हतं. उद्या प्रमाणाचा तक्ता नव्याने करते आणि पुण्याच्या संस्थेला कलम ५ बद्दल मेल टाकते. ए१८० चा मजकूर छापायचा कसा ते त्यांच्या स्टोअरमध्ये विचारू, की कुरिअर कंपनीच स्टिकर देते?

स्पिरिटवाला
कंपनीवर अवलंबून राहू नका. इंग्रजी मजकूर तुम्हीच छापून चिकटवा, आणि तोच एअरवे बिलावरही लिहून घ्या. बिलावर नसेल तर कार्गोवाले खोक्यावरचं वाचतही नाहीत.