अक्साच्या ओल्या वाळूत आणि कर्जतच्या मातीत मेटल डिटेक्टर सारखा वाजतो, सेटिंग काय ठेवू?

बोरिवलीकर
मंडळी, जरा मदत हवीय. माझी मशीन 15 किलोहर्ट्झची, सिंगल फ्रिक्वेन्सीवाली, म्हणजे एकाच वारंवारतेवर चालणारी. अक्साला सुक्या वाळूत मस्त चालते पण जिथे लाट येऊन जाते तिथे गेलो की नुसता कलकलाट. बहिणीची सोन्याची नाजूक चेन तिथेच पडलीय, ती फार हळहळतेय म्हणून धडपड चाललीय. दुसरं म्हणजे मामाच्या कर्जतच्या शेतात नांगराचा फाळ शोधायचाय, तिथे तर पाऊल टाकेल तिथे सिग्नल. मशीन बिघडलीय का?

कातळवाला
मशीन ठणठणीत आहे हो. दोन्हीकडे जमीनच वाजतेय, फक्त कारणं वेगळी. कर्जतला आपला काळा दगड, बेसॉल्ट, त्याच्या मातीत मॅग्नेटाइट, म्हणजे चुंबकाला चिकटणारं लोहखनिज असतं. लोहचुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून सुक्या मातीत फिरवा, काळी पूड पिशवीला दाढीसारखी चिकटते, तीच तुम्हाला छळतेय. खाली धातू नाही अशी जागा बघा, ग्राउंड बॅलन्सचं (जमिनीचा आवाज गाळणारं) बटण दाबून धरा आणि कॉइल, म्हणजे मशीनची खालची तबकडी, जमिनीला समांतर ठेवून वीतभर वर-खाली करत राहा, आवाज शांत होईपर्यंत. मग सेन्सिटिव्हिटी कमी करा. लोकांना वाटतं फुल ठेवली की खोल जाते पण अशा मातीत उलटंच होतं, जमिनीच्या गोंगाटात खरा सिग्नल बुडतो. छोटी डीडी कॉइल (आत डी आकाराची दोन वेटोळी असलेली) मिळाली तर बघा, ती एका वेळी कमी माती बघते. आणि फाळ लोखंडाचा ना, मग लोखंड गाळणारं डिस्क्रिमिनेशन बंद करायला विसरू नका.

दर्याकाठ
वाळूचं मी सांगतो. खारं पाणी वीज वाहून नेतं त्यामुळे कॉइलला तोच धातू वाटतो, आणि अडचण अशी की मिठाचा सिग्नल बारीक सोन्याच्या जवळपासच येतो, म्हणजे मीठ गाळायला गेलात की चेनही गाळली जाणार. म्हणून मशीनला बीच मोड असेल तर तो लावा, बॅलन्स ओल्या वाळूवरच करा, सुक्या वाळूवर केलेला तिथे चालत नाही. पूर्ण ओहोटीला जा आणि पाण्याच्या रेषेला समांतर चाला, वर-खाली नको, म्हणजे ओल सारखी राहते आणि दर चार पावलांनी बॅलन्स बिघडत नाही. तरी नाही जमलं तर कोणाची मल्टी फ्रिक्वेन्सी मशीन मागून आणा. ओल्या खाऱ्या वाळूत बारीक सोन्यासाठी सिंगलशी झटापट करण्यात अर्थ नाही, माझं स्पष्ट मत.

लोकलप्रवासी
एक राहिलं. कॉइल कमरेएवढी उचलून स्थिर धरा. तरीही टिकटिक येतेय तर जमिनीचा संबंध नाही, विजेच्या तारा नाहीतर टॉवर. मशीनचा फ्रिक्वेन्सी चॅनल बदला, खिशातला मोबाइल लांब ठेवा.

जुनाबाजार
शेतात जुनी नाणी वगैरे लागली तर खिशात घालू नका हं. 1878 चा निखात निधी कायदा अजून लागू आहे, दहा रुपयांवरचं पुरलेलं धन सापडलं की कलेक्टरला कळवावं लागतं. आणि किल्ल्यांच्या आसपास तर मशीन काढूच नका.

बोरिवलीकर
खूप आभार सगळ्यांचे! मी बॅलन्स सुक्यावर करून तसाच पाण्याकडे जात होतो, आता कळलं. ओहोटीची वेळ बघून ठेवलीय, रविवारी सकाळी जातोय. दर्याकाठ, बीच मोडमध्येही बडबड राहिली तर आधी सेन्सिटिव्हिटी उतरवू की पुन्हा बॅलन्स?

दर्याकाठ
आधी बॅलन्स. मग सेन्सिटिव्हिटी एकेक घर खाली, आणि कॉइल वाळूला टेकवू नका, दोन बोटं वर धरा.